ग्रामीण गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळांचे मूल्यमापन : पटसंख्येपलीकडचे निकष

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की गोव्यातील वृत्तपत्रांत एक बातमी ठरलेली असते. अमुक तालुक्यात दहापेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या सरकारी प्राथमिक शाळा इतक्या, एकशिक्षकी इतक्या, यंदा कुलूप लागलेल्या इतक्या. त्यानंतर ग्रामसभांतून ठराव होतात, विधानसभेत प्रश्न विचारले जातात आणि चवथीच्या सुट्ट्या लागेपर्यंत विषय मागे पडतो. शाळा चांगली चालते की वाईट, मुले तिथून का गेली आणि ती बंद झाल्यास उरलेली मुले कुठे जातील, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांत नसते. तरीही शाळेचे भवितव्य बहुधा त्याच आकड्यांवर ठरते. म्हणून ग्रामीण भागातील सरकारी शाळा आणि तिच्याभोवतीचे गाव यांचे मूल्यमापन नेमके कोणत्या निकषांवर करावे, त्यासाठीची माहिती कुठे मिळते आणि ती कशी वाचावी, याचा हा आढावा आहे. उदाहरणे मुख्यतः सत्तरी तालुक्यातील आहेत. खाणपट्टा, अभयारण्य, औद्योगिक वसाहत आणि घाटमाथ्यावरील गावे असे ग्रामीण गोव्याचे बहुतेक नमुने या एकाच तालुक्यात सापडतात.

एकक कोणते?

अमेरिकेत ‘शाळा जिल्हा’ नावाची स्वतंत्र संस्था असते. तिचे मंडळ बहुधा स्थानिक मतदारांनी निवडलेले असते, शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो आणि शिक्षकांची नेमणूकही तीच करते. त्यामुळे तिथे शाळेचे मूल्यमापन हे बऱ्याच अंशी त्या वस्तीच्या ऐपतीचे मूल्यमापन ठरते. गोव्यात असे एकक नाही. शिक्षकाची नेमणूक, बदली आणि वेतन शिक्षण खात्याकडे आहे. तालुका पातळीवर भागशिक्षणाधिकारी देखरेख करतात. पंचायतीकडे ना शिक्षक नेमण्याचा अधिकार, ना शाळेसाठी कर लावण्याचा. वाळपईच्या आणि म्हापशाच्या सरकारी शिक्षकाची वेतनश्रेणी एकच असते.

याचा अर्थ असा की, गोव्यातील दोन सरकारी प्राथमिक शाळांमधला फरक पैशाने फारसा स्पष्ट होत नाही. तो नेमणुका, रस्ते, वाहने, शेजारची अनुदानित शाळा आणि गावाचा शाळेशी असलेला संबंध यांतून तयार होतो. मूल्यमापनासाठी तालुका हेच सोयीचे एकक. एकटी शाळा तपासली तर मुले कुठून कुठे जातात ते दिसत नाही, आणि संपूर्ण राज्य घेतले तर सत्तरी, सांगे, काणकोणचे वेगळेपण सासष्टी-बार्देशच्या आकड्यांत बुडून जाते. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८८.७० टक्के होती. डोंगराळ तालुक्यातल्या एखाद्या वाड्याची स्थिती या सरासरीवरून समजत नाही.

पटसंख्या काय सांगते

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि १९६३ पासून भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. इमारती नसल्याने कितीतरी ठिकाणी वर्ग देवळांच्या चौकात किंवा कुणाच्या तरी सोप्यावर भरले. आज ज्या शाळांची पटसंख्या रोडावली आहे, त्यांतील अनेक याच काळातल्या आहेत. प्रत्येक वाड्याला चालत जाण्याच्या अंतरावर शाळा, या विचाराने त्यांची जागा ठरली होती. तेव्हाच्या कुटुंबाचा आकार वेगळा होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा एकूण जननदर १.३ इतका, म्हणजे देशातील अत्यंत कमी दरांपैकी नोंदवला गेला. पन्नास घरांच्या वाड्यावर आज सहा ते दहा वयोगटातील मुलेच मोजकी असतील, तर शाळेचा पट मोठा कुठून होणार? म्हणून पहिला प्रश्न ‘पट किती’ हा नव्हे. गावात त्या वयाची मुले किती आणि त्यांतील किती या शाळेत येतात, हा खरा प्रश्न आहे. बारा मुलांच्या गावातील अकरा मुले गावच्या शाळेत असतील तर ती शाळा यशस्वी आहे. साठ मुलांच्या गावातील पंधराच येत असतील तर काहीतरी बिघडले आहे. सरकारी यादीत मात्र पंधरावाली शाळा अकरावालीच्या वर दिसते.

मुले बाहेर का जातात, याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. सरकारी प्राथमिक शाळा परंपरेने पहिलीपासून सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलाला पाठवायचे तर अंगणवाडी किंवा खासगी बालवाडी हेच पर्याय, आणि एकदा खासगी बालवाडीत गेलेले मूल पहिलीला गावच्या शाळेत परत येणे दुर्मीळ. दुसरे कारण पाचवीचे. गोव्यात माध्यमिक विद्यालये साधारणपणे पाचवीपासून सुरू होतात. ज्या संस्थेचे विद्यालय तिचीच प्राथमिक शाळा असेल, तर पाचवीचा प्रवेश निर्धोक व्हावा म्हणून पालक पहिलीलाच तिथे नाव घालतात. तिसरे कारण ‘बालरथ’. अनुदानित संस्थांना मिळालेल्या या बसगाड्यांमुळे दूरच्या विद्यालयात जाणाऱ्या मुलांची मोठी सोय झाली, हे खरे. पण त्याच गाडीने दाराशी येणारे वाहन आणि दहा मिनिटांच्या पायवाटेवरची शाळा अशी निवडही पालकांपुढे ठेवली. पावसाळ्यात ती निवड कोणत्या बाजूला झुकते हे सांगायला नको.

माध्यमाचा प्रश्न याहून जुना. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक स्तरावरील अनुदान प्रादेशिक भाषांच्या शाळांपुरते मर्यादित करण्याचा निर्णय झाला. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही ते खुले केले आणि त्यावरून मोठे आंदोलन उभे राहिले. मूल्यमापन करणाऱ्याने या वादात बाजू घेण्याची गरज नाही. मात्र तालुक्यातील अनुदानित इंग्रजी शाळा कुठे आहेत आणि त्यांच्या गाड्या कोणत्या वाड्यांपर्यंत येतात, याचा नकाशा त्याने डोळ्यांपुढे ठेवायलाच हवा.

लहान पटाबाबत आणखी एक सावधगिरी. दहा मुलांच्या शाळेतून एका कुटुंबाने दोन मुले काढली की पट एका वर्षात वीस टक्क्यांनी ‘घसरतो’. चौथीत तीनच मुले असतील आणि तिन्ही वाचत असतील तर निकाल शंभर टक्के. पुढच्या वर्षी त्याच शिक्षिकेच्या हाताखाली तो सहासष्टवर येऊ शकतो. अशा शाळेचे एका वर्षाचे आकडे कुठेही लावून दाखवता येतात. किमान पाच वर्षांचा पट सलग मांडल्याशिवाय चढ किंवा उतार म्हणू नये.

कायद्याची मोजपट्टी

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने किमान अटी ठरवून दिल्या आहेत. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत विद्यार्थी असतील तर दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, खेळाचे मैदान, कुंपण, वाचनालय. साधनसुविधांची ही यादी तपासणे सोपे असल्याने पाहणी करणारे बहुधा तिथेच थांबतात. गोव्यात इमारती सामान्यतः बऱ्या स्थितीत आढळतात. नळ आहे पण मार्चनंतर पाणी येते का, स्वच्छतागृह आहे पण ते झाडते कोण, एवढे दोन प्रश्न विचारले तरी या भागाचे काम बहुतांशी होते.

खरी कसोटी शिक्षकांच्या संख्येची. दोनपेक्षा कमी शिक्षक ही कल्पनाच कायद्याला मान्य नाही. तरी एकशिक्षकी शाळा प्रत्यक्षात आहेत. एका शिक्षिकेने एकाच खोलीत चार इयत्ता सांभाळायच्या, हजेरी, आहाराची नोंद, संगणकावर भरायची माहिती, बैठका हेही तिनेच पाहायचे. त्यातून वाळपईला बैठक असली तर त्या दिवशी शाळेत कोण? कायद्याने शिक्षकांना शिक्षणेतर कामांतून मोकळे केले, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून. मतदारयाद्यांचे काम ज्या शिक्षिकेकडे आहे, तिची शाळा किती दिवस अर्धवट चालली, हे हजेरीपत्रकात दिसत नाही. हालचाल नोंदवहीत दिसते. एका शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत, असेही कायदा सांगतो. दोन पदांच्या शाळेत एक जागा रिकामी म्हणजे पन्नास टक्के. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ही शाळा नव्हती, असेच म्हणावे लागते.

बहुवर्ग अध्यापन म्हणजे वाईट अध्यापन, असे मात्र समजू नये. आठ-दहा मुलांचा मिश्र वर्ग, मोठी मुले लहानांना वाचून दाखवत आहेत, शिक्षिका एकेकाला जवळ बोलावून पाहत आहे, ही मोठ्या शाळेत पैसे मोजूनही न मिळणारी स्थिती आहे. पाहायचे ते इतकेच की शिक्षिकेला त्याचे प्रशिक्षण मिळाले आहे का आणि ती त्या शाळेत किती वर्षे टिकली आहे. दर जूनला नवा चेहरा येत असेल तर उत्तम इमारतीचाही उपयोग नाही.

मूल वाचते का?

परीक्षेच्या निकालावरून प्राथमिक शाळा कळत नाही. या स्तरावर जवळजवळ सगळेच पुढे जातात. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाने २००५ पासून देशभरच्या ग्रामीण घरांत वापरलेली पद्धत साधी आणि कुणालाही करून पाहण्याजोगी आहे. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात एक अंकी व दोन अंकी संख्यांची ओळख, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. मूल ज्या पायरीवर अडखळते ती त्याची पातळी. मुलाला बाजूला बसवून, शांतपणे, पुरेसा वेळ देऊन हे करायचे असते. शाळेतल्या प्रत्येक मुलाची अशी पाहणी वर्षातून दोनदा झाली तर शाळेविषयी सर्व अहवालांपेक्षा अधिक कळते. त्यातही पाहायचे ते जून ते मार्च या काळातील पुढची वाटचाल. तिसरीत येऊन अक्षरे ओळखणारे मूल वर्षअखेर उतारा वाचू लागले असेल तर त्या शिक्षिकेने मोठेच काम केले आहे. केवळ अंतिम पातळी मोजणाऱ्याला ती शाळा मागासच दिसेल.

केंद्र सरकारच्या चाचण्याही आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरी, पाचवी, आठवी व दहावी, तर २०२४ च्या ‘परख’ सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीची मुले तपासली गेली. ही सर्वेक्षणे नमुना पद्धतीची असतात. जिल्ह्याविषयी त्यांतून काही सांगता येते, एका गावाविषयी नाही. ‘आपला जिल्हा पुढे’ म्हणून आपली शाळा पुढे, असा अर्थ कुणी काढू नये.

घरची भाषा, शाळेची भाषा

सत्तरीच्या बहुतेक घरांत बोलली जाते ती कोकणी, तिच्या स्थानिक रूपात, शाळा मराठी. दोन्ही भाषा एकमेकींना इतक्या जवळच्या की मुलाची अडचण कित्येकदा कुणाच्या लक्षातच येत नाही. भजन, नाटक, जत्रेतील दशावतार यांमुळे मराठी कानांवर असते, त्यामुळे पूल ओलांडणे सोपे जाते. होंडा, पिसुर्ले परिसरातील औद्योगिक वसाहतींजवळचे चित्र वेगळे आहे. तिथे कामगार कुटुंबांतून आलेल्या मुलाची घरची भाषा कन्नड असू शकते, हिंदी असू शकते किंवा त्याहून वेगळी. गोव्यातील अनेक सरकारी शाळांचा पट आज या मुलांनीच तोलून धरला आहे. त्यांच्याशी पहिल्या वर्षी कोणत्या भाषेत बोलले जाते, त्यांना मराठीत उतरायला किती महिने दिले जातात, पालकांना नोटीस समजते का, हे मूल्यमापनात यायलाच हवे. परप्रांतीय मुलांमुळे शाळा ‘घसरली’ असे म्हणणारे गाव आपली मुले आधीच बाहेर पाठवून बसलेले असते, हेही नोंदवावे लागेल.

गाव

शाळेचा अभ्यास गावाच्या अभ्यासाशिवाय पुरा होत नाही, आणि तो करताना पहिली नजर उपजीविकेवर हवी. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. ज्या गावांत घरटी ट्रक होता, तिथल्या कुटुंबांचे गणित दोनदा कोलमडले. अशा वेळी पटात झालेला बदल शाळेच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे आहे. काजूच्या हंगामात बागायतीत राबणारी घरे, रानात विखुरलेली धनगर-गवळी वस्ती, म्हादई अभयारण्याच्या हद्दीतली गावे, प्रत्येकाचे वर्ष वेगळे असते. मार्च-एप्रिलमधील हजेरी जूनच्या हजेरीशी ताडून पाहिली की हे लगेच उमगते.

दुसरी नजर संस्थांवर. कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. समिती कागदावर सर्वत्र असते. तिच्या इतिवृत्तांची वही उघडून सलग चार बैठका वाचल्या तर ती जिवंत आहे की नाही ते ओळखता येते. सर्व बैठकांत तेच शब्द आणि त्याच सह्या असतील, तर शिक्षिकेने एका बैठकीत वही पूर्ण केली असे समजावे. उलट पाण्याची टाकी, वाटेवरचा साकव, गैरहजर मुलाच्या घरी कोण जाणार, असे विषय दिसले की तिथे गाव शाळेत येते.

समितीपेक्षाही कधी कधी देवस्थान, भजनी मंडळ, युवक मंडळ आणि महिलांचे स्वयंसहाय्य गट शाळेच्या अधिक जवळ असतात. माध्यान्ह आहार हे त्याचे रोजचे रूप. गोव्यात हा आहार बहुतेक ठिकाणी गटाच्या स्वयंपाकघरात शिजून शाळेत पोहोचवला जातो. प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे केंद्राचे प्रमाण आहे. भाजी-पाव किती वाजता येतो, तोवर गार होतो का, मुले तो संपवतात की टाकतात, हे पाहायला एक दुपार पुरते.

गावाच्या आस्थेची परीक्षा मात्र पंच, शिक्षक आणि देवस्थानचे पदाधिकारी यांची स्वतःची मुले-नातवंडे कुठे शिकतात, या एका प्रश्नात असते. विलीनीकरणाविरुद्ध ठराव मांडणाऱ्याचे मूल बालरथाने तालुक्याला जात असेल, तर त्या ठरावाचे वजन किती धरावे?

अंतर आणि विलीनीकरण

कमी पटाच्या शाळा एकत्र आणण्याची कल्पना मुळात वाईट नाही. कोठारी आयोगाने साठच्या दशकात ‘शाळा संकुल’ सुचवले होते आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ते पुन्हा पुढे आणले. पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातील अंगणवाड्यांपासून माध्यमिकपर्यंतच्या शाळांनी ग्रंथालय, क्रीडा-कला शिक्षक, साहित्य वाटून घ्यावे, असा त्याचा आशय आहे. यात शाळा बंद करणे अनिवार्य नाही. चार वाड्यांत फिरणारी एक संगीत शिक्षिकाही संकुलच होय.

बंद करायचीच झाली तर अंतर मोजावे लागते, आणि ते नकाशावरच्या सरळ रेषेत मोजता येत नाही. केंद्राच्या आदर्श नियमावलीत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर चालण्याचे अंतर धरले आहे. म्हादईच्या खोऱ्यात एक किलोमीटर उन्हाळ्यात एक असतो आणि पावसाळ्यात वेगळा. जुलै २०२१ च्या पुरात पैकूळचा पूल कोसळला, तेव्हा पलीकडचे गाव जवळचे राहिले नाही. सुर्लसारख्या घाटावरच्या गावात धुके, वळणे आणि मोजक्या बसफेऱ्या हेच अंतर. सहा वर्षांच्या मुलीला ओहोळ ओलांडून, रानातल्या वाटेने पाठवायचे की घरी ठेवायचे, हा निर्णय आईला रोज सकाळी घ्यावा लागतो. म्हणून विलीनीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत प्रत्येक मुलाचा घर ते नवी शाळा हा प्रत्यक्ष मार्ग, वाहनाची लेखी हमी आणि ती तीन वर्षांनंतरही टिकेल अशी तरतूद असायला हवी. तेवढे झाले आणि नव्या शाळेत चार इयत्तांना चार शिक्षक मिळाले, तर विलीनीकरण मुलांच्या हिताचे ठरू शकते. बंद झालेल्या शाळेतील किती मुले नव्या शाळेत पोहोचली, किती अन्यत्र गेली आणि किती घरी राहिली, याचा वर्षभरानंतरचा हिशेब मागणारे फारसे कुणी नसते. मूल्यमापनातील सर्वांत मोठी पोकळी ती आहे.

कागद कुठे मिळतात

प्रत्येक शाळेला अकरा अंकी ‘यूडायस’ क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे (गोव्याचे ३०), पुढचे दोन जिल्ह्याचे, नंतरचे दोन गटाचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. या क्रमांकावरून पट, शिक्षकसंख्या, खोल्या, पाणी, वीज यांची नोंद ‘यूडायस प्लस’ संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. ही माहिती शाळेनेच भरलेली असते, हे विसरू नये. एकदा प्रत्यक्ष जाऊन पडताळणे आवश्यक. गावातील एकूण मुलांचा आकडा अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत सर्वांत ताजा मिळतो, कारण ती घरोघर फिरते. व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, विकास आराखडा, मंजूर व रिक्त पदे, पाच वर्षांचा पट यांच्या प्रती शाळेत किंवा भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात मागता येतात. न मिळाल्यास २००५ च्या माहिती हक्क कायद्याखाली अर्ज करता येतो आणि त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मुलांच्या वाचनाची पाहणी करायची असेल तर शाळेची व पालकांची संमती आधी घ्यावी आणि कोणत्याही मुलाचे नाव अहवालात येऊ देऊ नये. आठ मुलांच्या शाळेत ‘तिसरीतील एक मुलगी’ एवढे लिहिले तरी ती कोण ते गावाला कळते.